गाठ आटली, आता ऑपरेशन करायचं का?

प्रश्न एका मुलीने वडिलांबद्दल विचारला आहे. वडील ६३ वर्षांचे. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यात, ४.८ सेंटिमीटरची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला, प्रकार अ‍ॅडिनोकार्सिनोमा. श्वासनळीला उजवीकडून खेटून असलेल्या एका लिम्फ नोडमध्येही कॅन्सर सापडला, म्हणजे तिसरी स्टेज. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या चाचण्या दोन्ही निगेटिव्ह. केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी एकत्र, अशा तीन सायकल झाल्या. आताच्या सीटीत गाठ २.४ सेंटिमीटर, अगदी निम्मी. पेट स्कॅनमध्ये तो नोड अजून थोडा चमकतो. सर्जन म्हणतात ऑपरेशन करू, रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात रेडिएशन देऊ. "गाठ निम्मी झाली म्हणजे ऑपरेशन होणारच ना? मग दोघं वेगवेगळं का सांगतात?"

मी छातीची ऑपरेशनं करणारा सर्जन आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल हे आधीच गृहीत धरा. तरीही पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. गाठ निम्मी झाली, औषध लागू पडलं, हे चांगलंच झालं. पण ऑपरेशन करायचं की नाही हे गाठ किती आटली यावर ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं. कॅन्सर पूर्णपणे बाहेर काढायला फुप्फुसाचा किती भाग काढावा लागेल, आणि तेवढा काढल्यावर जे उरेल त्यावर तुमचे वडील स्वतःच्या पायांनी हिंडू-फिरू शकतील का. दोघा डॉक्टरांचं एकमत होत नाही, ते बहुधा या दोन गोष्टींची उत्तरं अजून कुणी नीट काढलेली नसल्यामुळे.

आधी त्या आटण्याबद्दल. स्कॅनमध्ये दिसते ती सावली. त्या सावलीत जिवंत कॅन्सर किती आणि मेलेल्या पेशी, सूज, व्रण किती, हे सीटी सांगू शकत नाही. इम्युनोथेरपी आल्यापासून तर हा घोळ वाढलाय. स्कॅनमध्ये गाठ जेमतेम बदललेली असते, आम्ही ऑपरेशन करतो, आणि पॅथॉलॉजिस्ट सगळी गाठ कापून स्लाइड पाहिल्यावर सांगतात की जिवंत पेशी शोधूनही सापडत नाहीत. उलटंही होतं. गाठ सुरेख आटलेली, पण उरलेला तुकडा कॅन्सरने ठासून भरलेला.

निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि केमो यांच्या चेकमेट ८१६ या अभ्यासाचा पहिला अहवाल २०२२ मध्ये आला. ऑपरेशनआधी तीन सायकल, तुमच्या वडिलांसारख्याच. त्यात एकत्र उपचार घेतलेल्या २४ टक्के रुग्णांमध्ये गाठीत आणि नोडमध्ये जिवंत कॅन्सर अजिबात उरला नव्हता. नुसत्या केमोच्या गटात हेच प्रमाण २.२ टक्के होतं. एकत्र उपचारांनी ज्यांचा कॅन्सर असा पूर्ण मेला, त्यांच्यापैकी ९५ टक्के लोक पाच वर्षांनी हयात होते. पुढे काय होईल याचा एवढा भरवशाचा अंदाज देणारी दुसरी खूण आमच्याकडे नाही, आणि ती मिळते ऑपरेशन झाल्यावर. कुणाचं ऑपरेशन करायचं हे ठरवताना ती हाताशी नसते. त्यामुळे 'चांगला प्रतिसाद आला त्यांनाच न्यायचं' हे ऐकायला बरं वाटतं, पण प्रतिसाद ज्याने मोजतो ती फूटपट्टीच अर्धवट आहे. स्कॅनवरून बऱ्यापैकी कळतं ते एवढंच: आजार वाढला का, नव्या जागी गेला का. उपचार चालू असताना कॅन्सर वाढला तर मी ऑपरेशन करत नाही, कारण जो कॅन्सर औषधाला जुमानत नाही तो चाकूलाही क्वचितच जुमानतो. गाठ तेवढीच राहिली असेल तर मात्र 'फायदा झाला नाही' म्हणून रुग्णाला परत पाठवणं चूक आहे.

यातूनच एक सांगतो. उपचारांआधीचा पहिला सीटी जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीला न्या. लोक ताजा रिपोर्ट घेऊन येतात आणि जुना घरी ठेवतात. मला जुना जास्त लागतो. गाठ सुरुवातीला धमनीला चिकटलेली होती का, नोड स्वतःच्या आवरणात होता की बाहेर पसरलेला होता, हे त्यातच दिसतं. आटलेल्या गाठीची जुनी हद्द कुठे होती हे माहीत नसेल, तर आत गेल्यावर कुठे कापायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं.

दुसरं, आणि हे अनेकांना रुचत नाही. ऑपरेशन होण्यासारखं आहे की नाही हे पहिल्या डोसच्या आधी ठरायला हवं. 'आधी केमो देऊ, आटली तर ऑपरेशन, नाहीतर बघू' हा बेत मला आवडत नाही. दुसऱ्या बाजूच्या नोडमध्ये किंवा मानेच्या मुळाशी कॅन्सर असेल, छातीच्या मधोमध नोडचा एकच गोळा होऊन त्याने महत्त्वाच्या शिरा वेढल्या असतील, तर केमोने तो कितीही आटला तरी ऑपरेशनचा फायदा होत नाही. अशा रुग्णाला पहिल्या दिवसापासून केमो आणि रेडिएशन बरोबर द्यायला हवं. 'आटली तर' म्हणत तीन महिने गेले की तेच रेडिएशन उशिरा, आणि केमोची साथ नसताना सुरू होतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत एकाच ठिकाणचा नोड होता. टीएनएम, म्हणजे कॅन्सरची स्टेज ठरवण्याची पद्धत, तिच्या २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत या गटाला एन-२ए असं वेगळं नाव आहे. एकापेक्षा जास्त ठिकाणचे नोड असतील तर एन-२बी. ही विभागणी उगाच केलेली नाही. एका ठिकाणच्या नोडवाले रुग्ण खरंच वेगळे वागतात, आणि ऑपरेशनचा विचार मुख्यतः त्यांच्यासाठीच होतो.

आता तो चमकणारा नोड.

पेट स्कॅनमध्ये जिथे साखर जास्त वापरली जाते ती जागा चमकते. कॅन्सर साखर खातो, तशी सूजही खाते. इम्युनोथेरपीचं कामच प्रतिकारशक्तीला चेतवण्याचं, आणि नोड हे त्या प्रतिकारशक्तीचं ठाणं. तेव्हा उपचारांनंतर नोड चमकला याचा अर्थ तिथे कॅन्सर आहे असाही निघतो आणि तिथे औषध काम करतंय असाही निघतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. तीन सायकल झालेल्या, मूळ गाठ लहान झालेली, पण छातीत दोन्ही बाजूंना आधी नसलेले नोड दिव्यासारखे उजळलेले. रिपोर्टवर लिहिलेलं, आजार वाढला. आधीच्या ठिकाणी त्यांना सांगून झालं होतं की आता ऑपरेशन नाही, पुढची औषधं. मला खटकली ती त्या नोडची मांडणी. डावं-उजवं अगदी सारखं, जणू आरशात पाहिल्यासारखं. कॅन्सर इतका शिस्तीत पसरत नाही. ईबस केलं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तिच्या टोकाच्या सोनोग्राफीने नोड पाहत सुईने नमुने घेतले. तिन्ही नमुन्यांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके; सारकॉइड या आजारात दिसते तशी निव्वळ प्रतिक्रिया, कॅन्सर नाही. ऑपरेशन झालं, आणि काढलेल्या एकाही नोडमध्ये कॅन्सर निघाला नाही.

म्हणून माझा साधा नियम आहे. पेटवरच्या चमकीवरून कुणाचं ऑपरेशन नाकारायचं नाही; सुई घालून बघायचं. आणि ईबसमध्ये काही सापडलं नाही म्हणून लगेच सुटलो असंही म्हणायचं नाही, कारण उपचारांनंतर नोड व्रणाने कडक होतात, सुईत पेशी कमी येतात, आणि थोडा उरलेला कॅन्सर निसटतो. संशय दाट असेल तर गळ्याच्या खाली छोटा छेद घेऊन, दुर्बिणीने छातीच्या मधले नोड काढून तपासावे लागतात; ही मीडियास्टिनोस्कोपी. ती एकदा आधी झालेली असेल तर दुसऱ्यांदा करणं चिकटलेल्या ऊतींमुळे फार अवघड जातं. तुमच्या वडिलांचा पहिला नमुना ईबसनेच घेतलेला असेल, तर तो दरवाजा अजून मोकळा आहे.

नोडमध्ये कॅन्सर अजून उरला असेल तर? इथे तज्ज्ञांमध्येच दोन मतं आहेत, आणि तुमच्या दोघा डॉक्टरांमधलं अंतर बहुधा इथेच पडलंय. जुनी शिकवण अशी की नोड साफ झाला तरच ऑपरेशन. केमो-रेडिएशननंतर ऑपरेशन झालेल्या जुन्या रुग्णांत नोड साफ निघाले त्यांच्यापैकी ४१ टक्के पाच वर्षांनी हयात होते, उरलेल्यांचं प्रमाण बरंच कमी होतं. पण तो इम्युनोथेरपीच्या आधीचा काळ. आता ऑपरेशननंतरही इम्युनोथेरपी चालू ठेवता येते, नोडमध्ये चार पेशी उरल्या तर त्यांच्यामागे लागणारं औषध हाताशी आहे. माझं मत: त्याच एका नोडमध्ये थोडा कॅन्सर उरलाय, बाकी सगळं आटलंय, आणि एक लोब काढून काम भागतंय, तर मी ऑपरेशन करतो. नव्या ठिकाणच्या नोडमध्ये निघाला तर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मघाशी ओघात येऊन गेलं: 'एक लोब काढून भागतंय तर'.

उजव्या फुप्फुसाचे तीन लोब, डाव्याचे दोन. एक लोब काढणं म्हणजे लोबेक्टॉमी, आख्खं फुप्फुस काढणं म्हणजे न्यूमोनेक्टॉमी. कागदावर हा फरक एका शब्दाचा आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरग्रुप ०१३९ या अभ्यासात तिसऱ्या स्टेजच्या, नोडमध्ये कॅन्सर असलेल्या रुग्णांना केमो-रेडिएशन देऊन अर्ध्यांचं ऑपरेशन केलं, अर्ध्यांचं रेडिएशनच पूर्ण केलं. एकूण आयुर्मानात फरक पडला नाही. सरासरी काढली तर ऑपरेशन फुकट गेलं असं वाटावं. पण आत डोकावलं की वेगळं दिसतं. लोबेक्टॉमी झालेल्यांपैकी ऑपरेशननंतर दगावले १ टक्का. न्यूमोनेक्टॉमी झालेल्या ५४ जणांपैकी दगावले १४, म्हणजे २६ टक्के. लोबेक्टॉमीने जे कमावलं ते न्यूमोनेक्टॉमीने घालवलं.

आम्हा सर्जन लोकांचं या ऑपरेशनवर जरा जास्तच प्रेम आहे, त्याला इतिहासही कारणीभूत आहे. एव्हर्ट्‌स ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कॅन्सरसाठी एका बैठकीत आख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो पुढे अनेक वर्षं जगला. ग्रॅहमच आधी गेले, १९५७ मध्ये, तेही फुप्फुसाच्या कॅन्सरनेच. ही गोष्ट ऐकत वाढलेल्या पिढ्यांना फुप्फुस काढणं हे शौर्य वाटत आलं. रेडिएशन आणि केमो झालेल्या माणसाचं, त्यातही उजवं फुप्फुस काढण्यात शौर्य रुग्णाचंच असतं. आम्ही संध्याकाळी घरी जातो.

म्हणून उपचारांनंतर सीटी बघताना मी गाठीचे सेंटिमीटर नंतर मोजतो. आधी बघतो, लोबच्या तोंडाशी जागा मोकळी झाली का. मधली धमनी सुटी दिसते का. गाठ श्वासनलिकेच्या फाट्यावर बसली असेल तर तेवढाच नळीचा तुकडा कापून दोन टोकं जोडता येतील का. याला स्लीव्ह लोबेक्टॉमी म्हणतात आणि फुप्फुस वाचवायचा तो सगळ्यात चांगला मार्ग आहे. चेकमेट ८१६ मध्ये न्यूमोनेक्टॉमीचं प्रमाण नुसत्या केमोच्या गटात २५ टक्के होतं, इम्युनोथेरपीच्या गटात १७. मला विचाराल तर गाठ आटण्याचा खरा फायदा हा.

आता दुसरी बाजू, उरलेल्या फुप्फुसाची. इथे थोडं गणित आहे, पण ते घरी बसून करता येतं.

लोबचे आणखी छोटे भाग म्हणजे सेगमेंट. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ सेगमेंट धरतात, उजवीकडे १०, डावीकडे ९. उजव्या वरच्या लोबमध्ये ३. समजा तुमच्या वडिलांचा एफईव्ही-१, म्हणजे एका सेकंदात जोरात फुंकलेली हवा, अपेक्षेच्या ६८ टक्के आहे. वरचा लोब काढला तर उरतात १६ सेगमेंट: ६८ गुणिले १६ भागिले १९, म्हणजे सुमारे ५७ टक्के. आख्खं उजवं काढलं तर उरतात ९: सुमारे ३२ टक्के. हाच हिशेब डीएलसीओसाठी करायचा. डीएलसीओ म्हणजे हवेतला वायू रक्तात किती सहज उतरतो त्याचं माप. दोन्ही उत्तरं ६० च्या वर असतील तर निश्चिंत. ३० ते ६० च्या मध्ये असतील तर जिना किंवा चालण्याची चाचणी करून बघायचं. एकही ३० च्या खाली गेलं तर सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून ऑक्सिजनचा वापर मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या चाचणीत किलोमागे मिनिटाला १० मिलिलिटरच्या खाली आकडा आला तर मी ऑपरेशनचा विषय बंद करतो. २० च्या वर आला तर बिनधास्त.

गोम डीएलसीओमध्ये आहे. केमोने तो उतरतो, इम्युनोथेरपीने फुप्फुसाला सूज आली तर आणखी उतरतो, आणि हे सीटीत दिसेलच असं नाही. मी यात एकदा पोळलोय. डाव्या फुप्फुसाचा रुग्ण, उपचारांना सुरेख प्रतिसाद, स्कॅन बघून सगळे खूश. फुंकण्याच्या चाचण्या उपचारांआधी झाल्या होत्या, डीएलसीओ ६२. मी पुन्हा केल्या नाहीत. ऑपरेशन सरळ पार पडलं, लोबेक्टॉमी, रक्तस्राव नगण्य. माणूस मात्र घरी गेला तो ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट, आणि पुढचे कित्येक महिने त्याच्याशिवाय त्याला अंघोळ करता येत नव्हती. मागाहून बायकोने सांगितलं, ऑपरेशनच्या आधीपासूनच चढावर धाप लागत होती. तिने ते मलाही सांगितलं होतं. मी ते केमोच्या अशक्तपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. तेव्हापासून शेवटच्या डोसनंतर नव्याने डीएलसीओ झाल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही. तुमच्या वडिलांच्या कागदांत तो रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे हे बघा. उपचारांआधी ६० असेल आणि आता ५० वर आला असेल, तर लोबेक्टॉमीनंतर ४२ उरतो, चालण्यासारखा. पण आख्खं उजवं काढायची वेळ आली तर २४. म्हणजे तो रस्ता तुमच्या वडिलांसाठी बंद, आणि हे टेबलावर जाण्याआधी सर्जनला पाठ असायला हवं.

जिन्याचं म्हणाल तर मी अजूनही रुग्णासोबत स्वतः चढतो. बोटाला ऑक्सिमीटर लावतो आणि सांगतो, "काका, गप्पा मारत चढू." २२ मीटर, म्हणजे साधारण सात मजले न थांबता चढले तर मोठी काळजी मिटली. पण मी मजल्यांपेक्षा बाकीचंच जास्त बघतो. बोलणं कितव्या मजल्यावर थांबतं. कठडा धरतात की कठड्यावर भार टाकतात. ऑक्सिजन चारपेक्षा जास्त अंकांनी उतरतो का. एक जण तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि भिंतीवरची सूचना वाचू लागले. चष्मा खिशातच होता.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. वय हा अडसर नाही. वजन घटत चाललंय आणि दिवसाचा अर्धा वेळ पलंगावर जातोय, हा अडसर आहे. मेंदूचा एमआरआय ऑपरेशनआधी ताजा हवा. सिगारेट चालू असेल तर किमान चार आठवडे आधी बंद, यात तडजोड नाही. केमो घेतानाच रोज चालणं आणि श्वासाचे व्यायाम सुरू करावेत, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत थांबू नये. इम्युनोथेरपी झालेल्या प्रत्येकाचं थायरॉइड आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं. हे औषध कधी कधी अ‍ॅड्रिनल किंवा पिट्युटरी ग्रंथीला गुपचूप मंदावून ठेवतं, माणूस 'थोडा थकवा आहे' एवढंच म्हणतो, आणि भूल दिल्यावर रक्तदाब असा कोसळतो की भूलतज्ज्ञांना कारण सापडत नाही. एका साध्या रक्ततपासणीने टळणारी गोष्ट आहे. शेवटच्या डोसनंतर चार ते सहा आठवड्यांत ऑपरेशन व्हावं. त्याआधी रक्तपेशी सावरलेल्या नसतात. फार लांबवलं तर फुप्फुसाच्या मुळाशी सगळं आणखी घट्ट होत जातं.

ते घट्ट होणं म्हणजे काय, हे एकदा सांगायलाच हवं, कारण सर्जन निवडताना उपयोगी पडेल. ज्याला आधी काही उपचार झाले नाहीत अशा माणसात धमनीभोवती एक पातळ, सैल थर असतो. बोटाने हलकेच बाजूला होतो. नोड औषधाने मेला की तिथे सिमेंट ओतल्यासारखं होतं. नोड, धमनी आणि श्वासनलिका, तिघांची एकच गाठ. धमनीची भिंत कागदाएवढी पातळ, ती फाटली तर काही सेकंदांत समोर काही दिसत नाही. म्हणून अशा वेळी मी पहिलं काम करतो ते धमनी आत, हृदयाच्या जवळ पकडून ठेवायचं, दोरी घालून, गरज पडली तर आवळता येईल अशी. मग पुढे जायचं. दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून सुरू केलेलं ऑपरेशन यात मध्येच छाती उघडून करावं लागलं तर तो पराभव नाही. तुमच्या सर्जनना खुशाल विचारा, आधी केमो-इम्युनो झालेली किती ऑपरेशनं केलीत, आणि त्यात आख्खं फुप्फुस काढायची वेळ किती जणांवर आली. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

ऑपरेशन चालू असताना आणखी एक निवड होते. श्वासनलिका कापली की कापलेल्या कडेचा तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीला पाठवतो. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही हात बांधून उभे. कडेला कॅन्सर निघाला तर आणखी कापायचं, आणि आणखी कापणं म्हणजे आख्खं फुप्फुस असेल तर तिथे आधी केलेलं ते गणित कामाला येतं. थोडा कॅन्सर मागे ठेवून परत येण्याइतकं निरुपयोगी ऑपरेशन नाही: रुग्णाला ऑपरेशनचा सगळा त्रास, आणि रेडिएशन चुकलेलं नाहीच.

याच कारणाने रेडिएशनकडे 'ऑपरेशन होत नाही म्हणून' असं बघू नका. केमो-रेडिएशन आणि त्यानंतर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, या पॅसिफिक अभ्यासातल्या उपचाराने ऑपरेशन होऊ न शकणाऱ्या तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांत पाच वर्षांनी हयात असलेले ४३ टक्के होते. ड्युर्व्हालुमॅब न मिळालेल्यांत ३३. चेकमेट ८१६ मध्ये इम्युनोथेरपीच्या गटात पाच वर्षांचा आकडा ६५ टक्के आहे, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून 'ऑपरेशन जिंकलं' म्हणणारे मला नेहमी भेटतात. ही तुलना चुकीची आहे. एका अभ्यासात मुळातच काढता येण्यासारखे आणि लवकरच्या स्टेजचेही रुग्ण होते, दुसऱ्यात काढता न येण्यासारखे. चेकमेटमधलेही सगळे ऑपरेशनपर्यंत पोचले नाहीत; इम्युनोथेरपीच्या गटात ८३ टक्के पोचले, नुसत्या केमोच्या गटात ७५. एक काळजी मात्र घ्या: ठरवायचं ते एकदाच ठरवा. रेडिएशनचा पूर्ण ६० ग्रेचा कोर्स झाल्यावर 'आता ऑपरेशन करू या का' म्हणून येणाऱ्यांचं ऑपरेशन होतं, पण टाके भरून यायला त्रास होतो, नळीच्या टोकाला बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी गुंडाळावी लागते, आणि तरीही टोक सुटण्याची भीती राहते.

तुमच्या वडिलांबद्दल, कागदांवरून दिसतं तेवढ्यावर: एकाच ठिकाणचा नोड, वरच्या लोबची गाठ, आटलेली, नवीन काही नाही. मी त्यांना ऑपरेशनच्या बाजूने बघतो. रेडिएशनच्या डॉक्टरांचा आक्षेप त्या चमकणाऱ्या नोडवर असेल तर तो रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ईबसची सुई देईल, दोघांचा वाद नव्हे. दोघांना ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या शाखांचे डॉक्टर मिळून ठरवतात त्या बैठकीत, एकाच टेबलावर, एकाच पडद्यासमोर बसवा. सर्जनना एवढंच विचारा: वरच्या लोबवर भागेल याची तुम्हाला किती खात्री आहे, आणि नाही भागलं तर तुम्ही थांबाल की आख्खं काढाल? उत्तर 'आत गेल्यावर बघू' असं आलं तर दुसरं मत घ्या.

आणि वडिलांना विचारा, त्यांना कशाची धास्ती जास्त आहे. पूर्वी एका शेतकरी काकांनी मला सांगितलं होतं, दोन वर्षं कमी चालतील, पण बांधापर्यंत चालत जाता आलं पाहिजे. त्यांचा हिशेब काठावरचा होता. आम्ही रेडिएशन निवडलं. तुमच्या वडिलांचा तसा नसेलही.

शेवटचा डोस होऊन तीन आठवडे झाले असतील, तर डीएलसीओ, कॉर्टिसॉल आणि ईबस याच आठवड्यात उरकून घ्या.